पप्पांचा लाडका पापी

शनिवारी दुपारची जेवणं आटोपली, की पप्पा व्हरांड्यात खुर्ची ओढायचे आणि आत हाक द्यायचे, "सुमन, ये वं, पाप ऐकाले." नवख्या पाहुण्याच्या हातातला चहा यावर हिंदकळायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. पप्पा आमच्या चर्चच्या मंडळीचे पाळक होते. रविवारचं प्रवचन ते आदल्या दिवशी मला वाचून दाखवायचे, आणि विषय लग्नाचा असो, प्रार्थनेचा असो की नव्या पिकाच्या उपकारस्तुतीचा, फिरून फिरून ते पापाशी यायचेच. माणसानं काय वाईट केलं याची त्यांना फारशी फिकीर नसे. ते म्हणायचे, ते तर वरवरचं. ताप अंगात असतो आणि बाहेर खोकला ऐकू येतो, तसं पाप आत असतं आणि दारू, चोरी तेवढी लोकांना दिसते. वेळेवर चर्चमध्ये येणारी, शेजाऱ्याशी कधी न भांडणारी माणसंसुद्धा आतून तापलेलीच असतात, हे त्यांना सांगायचं असे. सांगणं खरं होतं, पण वेळेवर चर्चमध्ये येणाऱ्यांनाच ते ऐकताना डुलकी लागायची.

ती डुलकी नेमकी कुठे लागेल हे सांगणं माझं काम. पप्पांच्या खुर्चीशेजारी एक बुटका स्टूल होता, त्यावर मी बसायची. ते वाचायचे, मी मध्येच म्हणायची, "इथं मागच्या बाकावरचे घड्याळ पाहतील, पप्पा," आणि ते खरोखर पेन्सिलीनं तेवढं खोडायचे. मी एकुलती एक होते. कॉलेजात नुकतीच जाऊ लागले होते आणि रविवारी उपासनेत पेटी वाजवत होते. पण मंडळीत माझा खरा मान पेटीचा नव्हता, या स्टुलाचा होता, आणि तो फक्त मला आणि पप्पांना माहीत होता. बाकी सगळा आठवडा पप्पा मंडळीचे असत. कोणाचं आजारपण, कोणाचं भांडण, कोणाची मयत. शनिवारची दुपार माझी. वाटा मागायला घरात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे वाटा द्यावा लागतो हे मला ठाऊकच नव्हतं.

सक्करदऱ्याच्या बाजूला चर्चच्या मागे आमचं क्वार्टर होतं. पुढे टिनाचा व्हरांडा, मागे आईचं स्वयंपाकघर. भिंतीपलीकडच्या गल्लीत एका बँड पार्टीची खोली होती आणि लग्नसराईच्या आधी तिथे दिवसभर सराव चाले. पप्पा मानवी स्वभावाच्या भ्रष्टतेवर वाचत असायचे आणि पलीकडे ढोल-ताशावर वरातीचं गाणं. आई आत महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन म्हणून वाटायच्या पाव-द्राक्षारसासाठी काळ्या मनुका उकळत असायची. त्यांचा गोडसर वास सगळ्या घरात भरायचा. मग ती पावाचे चौकोनी तुकडे करायची आणि कापलेल्या कडा एका ताटलीत बाजूला ठेवायची. त्या कडा मी न विचारता खायची. माझ्या आयुष्यातलं तोवरचं सगळं पाप त्या ताटलीत मावलं असतं. हे मी आज हसत लिहिते. त्या हिवाळ्यात मात्र मला याच गोष्टीचं रडू यायचं.

झालं असं, की त्या वर्षी हुडकेश्वरच्या रस्त्यावर एका मोकळ्या मैदानात नव्या मंडळीचा मांडव उभा राहिला. तिथे लाऊडस्पीकर होता, टाळ्या होत्या, आणि मुख्य म्हणजे साक्षी होत्या. साक्ष म्हणजे माणसानं उभं राहून आपण आधी कसे होतो आणि देवानं कसं बदललं हे चारचौघांत सांगायचं. साक्षी आमच्याकडेही होत्या, पण त्या पेन्शनर मास्तरांच्या आणि नर्सबाईंच्या. देवानं परीक्षेत पास केलं, गुडघा बरा केला, आमेन. मांडवात मात्र चोर उभे राहत, दारुडे उभे राहत, एक तर म्हणे बायकोला सोडून तीनदा पळालेला होता. आमचे बाक रिकामे होऊ लागले. पप्पा जेवताना म्हणायचे, "पापाची जत्रा भरून राहिली तिथं." पण संध्याकाळी सायकल घेऊन ते कुठे जातात हे आईला माहीत होतं. ते मांडवापासून थोड्या अंतरावर, रस्त्याच्या कडेला, सायकलवर एक पाय टेकवून ऐकत उभे राहायचे.

अशात आमच्याकडे हिरामण आला. भिंतीपलीकडच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला. एका गुरुवारी आमच्या घरी प्रार्थनासभा चालू असताना तो दारात येऊन उभा राहिला, अंगावर सोनेरी झालरीचा लाल कोट, पायात फाटकी चप्पल. पप्पांनी आत बोलावलं. साक्षीची वेळ आली तसा तो उठला आणि सांगू लागला. दारू प्यायचा. बायकोच्या चांदीच्या पायल विकून प्यायला. एका संध्याकाळी तिनं बेसन-भाकरीचं ताट पुढे ठेवलं, तर बेसन थंड आहे म्हणून ते ताट अंगणात भिरकावलं. बायकोनं लहान पोरीला कडेवर घेतलं आणि हुडकेश्वरला भावाकडे निघून गेली. "भिंतीच्या तिकडून मी तुमचं पाप पाप ऐकतच होतो साहेब," तो म्हणाला, "मले वाटलं, हे माह्यंच नाव घेऊन राहिले." एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडला. नर्सबाईंनी पदर डोळ्याला लावला. मी पप्पांकडे पाहिलं. ते पुढे झुकून, तोंड अर्धवट उघडं ठेवून हिरामणकडे पाहत होते. मी आणलेल्या कुठल्याच मार्कांकडे त्यांनी असं पाहिलं नव्हतं.

त्या रविवारी पप्पांनी प्रवचनात हिरामणची गोष्ट सांगितली आणि एकही मान डुलली नाही. पुढच्या रविवारी मांडवात गेलेली दोन घरं परत आली. आणि त्यानंतरच्या शनिवारी जेवण झाल्यावर पप्पांनी व्हरांड्यातून हाक मारली. मी ओले हात पुसत गेले, तर हाक माझ्यासाठी नव्हतीच. "हिरामण, ये गा, बस," असं ते फाटकाकडे पाहून म्हणत होते. हिरामण आला आणि माझ्या स्टुलावर बसला. पप्पा मला म्हणाले, "दोन गिलास पाणी आण बरं."

मला हेवा वाटला. आणि गंमत पाहा, मला त्याच्या पापाचा हेवा वाटत होता. याच्यापाशी दारू आहे, पायल आहेत, अंगणात भिरकावलेलं ताट आहे. माझ्यापाशी काय? पावाच्या कडा. जन्मापासून मी चर्चच्या मागे वाढले, वेळेवर उठले, वचनं पाठ केली, पेटी शिकले, आणि या सगळ्याचा पप्पांना प्रवचनात काडीचा उपयोग नव्हता. पाप जितकं मोठं तितकी देवाची कृपा मोठी दिसते, असं ते वेदीवरून सांगायचे तेव्हा मी पेटीमागे बसून मनात म्हणायची, मग आम्ही काय नुसती जागा अडवायला आहोत? एखादं बऱ्यापैकी पाप आपल्या हातून घडावं असंही मला वाटून गेलं, पण काय करायचं आणि कुठे करायचं हेच सुचेना. परवा बेसा भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये नातवानं मोबाइलवर कोणाची तरी साक्ष लावली होती, मागे संगीत, पुढे रडू. तो म्हणाला, "आजी, कशी वाटली?" मी म्हटलं, छान आहे. पण खरं सांगू, या वयातही माझ्या पोटात जरा दुखलंच.

स्टूल गेला तरी कान कोणी नेले नव्हते. मी शनिवारी खिडकीच्या आत सुपात तांदूळ घेऊन बसू लागले. बाहेर हिरामण सांगायचा आणि पप्पा पेन्सिल धरून विचारायचे, "आणखी?" हिरामण विचार करायचा. पप्पा म्हणायचे, "आठव गा. मनात लपवू नको. आणखी काय केलं?" पहिल्या वेळी ताट अंगणात गेलं होतं. पुढच्या वेळी ते कौसल्येला, म्हणजे त्याच्या बायकोला, जरासं लागलं. मग कपाळाला लागलं. मग रक्त आलं, टाके पडले. दारू तीच होती, पायल त्याच होत्या, ताट तेवढं दर शनिवारी वजनदार होत चाललं होतं. आणि दर रविवारी वेदीवरून ते आणखी जोरात आदळायचं. मंडळी भरली. मागे सतरंज्या टाकाव्या लागल्या. हिरामण पहिल्या बाकावर मान खाली घालून बसायचा आणि म्हाताऱ्या बायका बाहेर पडताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. माझ्या डोक्यावरून कोणी हात फिरवल्याचं मला आठवत नाही. पेटी चांगली वाजली तर लोकांना पेटी ऐकूच येत नाही.

एका शनिवारी हिरामण गेल्यावर मी व्हरांड्यात गेले. पप्पा खुशीत होते. मी म्हटलं, "पप्पा, पहिल्या दिवशी टाके नव्हते."

"कायचे टाके?"

"कौसल्येच्या कपाळाचे. गुरुवारी आला तेव्हा ताट अंगणात गेलं म्हणे. तिले लागलंच नव्हतं. तो दर वेळी वाढवून सांगून राहिला."

पप्पांनी पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. किती तरी दिवसांनी असं पूर्ण पाहिलं. आवाज मात्र वेदीवरचा होता, शुद्ध आणि शांत. "सुमन, पश्चात्ताप करणाऱ्याला सगळं एकदम सांगता येत नाही. आधी थोडं सांगतो, धीर येतो तसं बाकीचं. तुला ते खोटं वाटतं, कारण तुला त्याचा हेवा वाटतो. स्टुलाचा हेवा. हेवा हेही पाप आहे. खोटं कोण बोलतं ते पाहण्याआधी आपल्या मनात काय आहे ते पाहावं."

तोंडात मारल्यासारखं झालं. वाईट याचं वाटलं, की त्यांनी माझं पाप अचूक ओळखलं होतं. हेवा होताच. हेवा होता म्हणून तर माझे कान इतके तिखट झाले होते. ज्याच्यावर जीव जळतो त्याचा शब्द न् शब्द ध्यानात राहतो, प्रेमानं ऐकणाऱ्याचं तसं होत नाही. मी आत जाऊन चुलीपाशी बसले. आई सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "बापलेकीले एकच बिमारी झाली. तुले त्या हिरामणची, त्यायले त्या मांडवाची. मी एकटी कोणाकोणाले औषध देऊ?"

हिरामण मात्र खरोखरच दारूला शिवत नव्हता. ही बातमी हुडकेश्वरला पोहोचली आणि कौसल्येच्या भावानं निरोप धाडला, की तो सुधारला असेल तर बहिणीला पाठवतो, पण आधी डोळ्यांनी पाहीन. पप्पांना आनंद झाला. ते स्वतः सायकलनं हुडकेश्वरला गेले आणि त्यांनी भावापाशी दोघांना येत्या रविवारचं आमंत्रण दिलं. बायको समोर बसलेली असताना तिच्या नवऱ्याचं पाप आणि त्याची क्षमा सांगायची, असं प्रवचन आमच्या चर्चमध्ये कधी झालं नव्हतं. मांडवातही झालं नव्हतं, हे पप्पांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

रविवारी कौसल्या आली. उंचीनं लहान, अंगानं काटक, डोक्यावरून कपाळापर्यंत पदर ओढलेला, मांडीवर पोरगी. बायकांच्या बाजूला ती आईशेजारी बसली, माझ्या पेटीच्या अगदी जवळ. भाऊ पुरुषांकडे. उपासनेची तिला सवय नव्हती. सगळे उठले की उठायची, बसले की बसायची. हिरामण पहिल्या बाकावर होता आणि त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. पप्पा वेदीवर चढले. खरं सांगायचं तर त्या दिवशी ते फार सुंदर बोलले. हळूहळू चढत गेले. दारू झाली, पायल झाल्या, ताट उचललं गेलं. "आणि त्या निष्पाप स्त्रीच्या कपाळावर," पप्पा म्हणाले, "पापाची खूण आजही आहे." सगळ्या चर्चच्या माना कौसल्येकडे वळल्या.

ती बावरली. आईला हळूच म्हणाली, "काहून पाहून राहिले वं माह्याकडे?" आईनं मान खाली घातली. कौसल्येनं मग माझ्याकडे पाहिलं. मी पेटीवरून वाकून म्हटलं, "तुमच्या कपाळाचे टाके पाहून राहिले."

पुरुषांच्या बाजूला तिचा भाऊ उभा राहिला होता. गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या. "ताट मारलं यानं तुले? अन् तू मले सांगतलं नाही? उठ वं. घरी चाल. या माणसाच्या घरी मी तुले पाठवत नाही." तेव्हा कुठे कौसल्येच्या ध्यानात आलं. तिनं पोरगी माझ्या आईच्या मांडीवर दिली आणि उभी राहिली. डोक्यावरचा पदर मागे सारला. ठसठशीत कुंकू आणि त्याभोवती अगदी स्वच्छ, गुळगुळीत कपाळ.

"पाहा," ती म्हणाली. "सगळ्यायनं पाहून घ्या. कुठं हायेत टाके? यानं दारू पेली, पायल इकल्या, ताट अंगणात फेकलं. माह्या अंगाले हात लावला नाही कधी. साहेब, त्यानं जे केलं ते मी सोसलं. जे केलंच नाही ते काहून माह्या कपाळी मारून राहिले? उद्या माह्या पोरीले लोक म्हणतील, तुह्या बापानं तुह्या मायचं डोकं फोडलं. मंग ते कोण पुसन?"

पप्पांनी हिरामणकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. हिरामण उठला, हात जोडले, आणि अगदी खऱ्या काकुळतीनं म्हणाला, "तुमी विचारत होते साहेब, आणखी काय, आणखी काय. माह्याजवळचं सरलं होतं."

मागच्या सतरंजीवर कोणीतरी फसकन हसलं. कौसल्येच्या भावानं डोकं खाजवलं आणि मोठ्यानंच म्हणाला, "एवढंच होतं तं मंग इतके दिवस आमी हिले कायले ठेवून घेतलं गा?" आता सगळेच हसले, नर्सबाईसुद्धा. पप्पा हसले नाहीत. ते कौसल्येला म्हणाले, "बाई, माझी चूक झाली," आणि वेदीवरून उतरून खुर्चीत बसले. आईनं मला डोळ्यानं खुणावलं. मी पेटीवर हात ठेवले आणि जे गीत आधी आठवलं ते सुरू केलं.

मला आनंद व्हायला हवा होता. माझं खरं ठरलं होतं, हिरामण उताणा पडला होता. पण झाला नाही. पप्पा खुर्चीत इतके लहान दिसत होते, की माझा सूर दोनदा चुकला. आणि तरीही आतून एक बारीक आवाज म्हणत होता, बरं झालं. दोन्ही एकदमच होतं. हिरामण त्याच दिवशी बायको-पोरीला घेऊन घरी गेला आणि पुढे वरातीत वाजवू लागला. रविवारी यायचा, पण मागच्या बाकावर बसायचा. मला वाटतं त्याला सुटल्यासारखं झालं असावं. इतकं मोठं पाप रोज सांभाळणं काही सोपं नसतं. पप्पा मात्र तो आठवडाभर माझ्याशी मीठ, पाणी, दार लाव, यापलीकडे बोलले नाहीत.

शनिवारी जेवण झालं. बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला, पण हाक आली नाही. मी आपणहून गेले. पप्पांच्या मांडीवर कागद नव्हता. ते फाटकाकडे पाहत होते. मी उभीच राहिले.

"तू खरं सांगत होती," ते म्हणाले. आता आवाज घरातला होता.

"हो."

"पण हेव्यानं सांगत होती."

"हो, पप्पा."

"मले त्या मांडवाचा हेवा होता," ते म्हणाले. "तुह्यं पाप मले दिसलं, माह्यं नाही दिसलं." मग त्यांनी मला विचारलं. एवढी वर्षं पापावर बोलणाऱ्या माणसाला खरोखरच उत्तर माहीत नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "मंग बाप्पा, माणसानं काय कराव? समोरचा खरं बोलून राहिला, पण पापातून बोलून राहिला. ते ऐकाव का टाकून द्याव?"

मी म्हटलं, "ऐकाव, पप्पा. खरं तुम्ही ऐकून घ्याचं. पाप माह्यं हाये, त्याचं मी पाहीन."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. अगदी पुढे झुकून. मग खिशातली पेन्सिल काढत म्हणाले, "उद्या मंडळीत सांगू काय हे? आधी माह्यं सांगतो, मंग तुह्यं. नाव घेऊन."

सगळा हिवाळा मी याच वाक्यासाठी जळत होते. मी स्टूल ओढला, बसले आणि म्हटलं, "सांगा. पण जेवढं हाये तेवढंच सांगा."